आरतीला जमणारं गाव ग्रामसभेला का जमत नाही?

तळोदा तालुक्यातल्या मोरवड या लहानशा गावाचं नाव सातपुड्याच्या पायथ्याचा भिल्ल समाज आजही हात जोडून घेतो. १९३७-३८ च्या सुमारास इथल्या गुलाम महाराजांनी आरती सुरू केली. महाराज स्वतः भिल्ल. शिकवण सगळ्यांना तोंडपाठ होईल इतकी सोपी होती. दारू सोडा, रोज अंघोळ करा, चोरी आणि भांडणं करू नका, एकमेकांना ‘आप’ म्हणून मानाने हाक मारा. सावकारापासून फौजदारापर्यंत ज्याला सगळे अरे-तुरे करत होते, त्या माणसाने आधी आपल्याच भाऊबंदाला मान द्यायला सुरुवात केली. बघता बघता आरतीला हजारो माणसं जमू लागली. महाराज १९३८ मध्येच गेले. बंधू रामदास महाराजांनी काम पुढे नेलं आणि मोरवड-रंजनपूरचा हा पंथ आजही टिकून आहे.

या पंथाबद्दल बोलताना पुढारी, वर्तमानपत्रं आणि आपण सगळेच एक वाक्य हमखास बोलतो: महाराजांनी आदिवासींची दारू सोडवली. ते खरं आहे, पण माझ्या मते त्यात निम्मीच गोष्ट येते. दारू सुटली, काही घरांत पुन्हा आली, काही घरांत पिढ्यान्‌पिढ्या आली नाही. या आरतीने जे कायमचं दिलं ते वेगळंच आहे. वेगवेगळ्या पाड्यांवर विखुरलेल्या माणसांना ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या जागी, कुणी बोलावणं न धाडता एकत्र बसायची सवय तिने लावली. आज नंदुरबार जिल्ह्यातल्या गावांना याच सवयीची सगळ्यात जास्त गरज आहे. ग्रामसभेच्या नावाने कायद्याने मोठे अधिकार दिले आणि ती ग्रामसभा भरतच नाही.

खान्देशात देवधर्म आणि समाजसुधारणा यांचे प्रवाह कधी फारसे वेगळे वाहिले नाहीत. कोथळी-मेहूणला मुक्ताईच्या दर्शनाला जाणारा वारकरी असो, गावोगावचे महानुभाव असोत, की १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा गीतेवर बोलत असताना शब्द न् शब्द टिपून घेणारे साने गुरुजी असोत, इथे माणूस आधी सत्संगाला बसतो आणि तिथून उठून सत्याग्रहाला जातो. डोंगरपट्ट्यातही तेच घडलं. १९२२ मध्ये ‘देवी’ची लाट किनारपट्टीवरून नाशिक, पश्चिम खान्देश आणि सुरतेच्या आदिवासी मुलखात पसरली. देवी अंगात येई आणि सांगे, दारू-ताडी टाका, स्वच्छ राहा. या आज्ञेमागे पोटाचं कारणही होतं, हे विसरून चालणार नाही. १८७८ च्या आबकारी कायद्यानंतर घरी मोहाची गाळणं हा गुन्हा ठरला होता. जी दारू बाई आपल्या चुलीवर गाळायची तीच मक्तेदाराच्या दुकानातून विकत, बहुतेक उधारीवर, घ्यावी लागे. उधारी वाढली की जमीन जायची. दारू सोडणं म्हणजे त्या दुकानदाराच्या वहीतून आपलं नाव खोडणं होतं. देवीच्या तोंडून माणसं हे बोलत होती.

देवीची लाट ओसरली. मग आरती आली. आणि आरतीनंतर तीस-पस्तीस वर्षांनी शहाद्यात जे झालं ते महाराष्ट्राच्या चळवळींच्या इतिहासात नोंदलं गेलं आहे. अंबरसिंग सुरतवंती या भिल्ल तरुणाने गावोगाव भजनी मंडळं उभी केली. लोक त्यांना अंबरसिंग महाराजच म्हणत. रात्री भजन व्हायचं आणि भजन संपल्यावर कोणाची जमीन कोणाच्या नावावर कशी चढली, वर्षाच्या बोलीने राबणाऱ्या सालदाराला साल भरल्यावर हातात काय पडलं, याच्या गोष्टी निघायच्या. मे १९७१ मध्ये पाटीलवाडीला आदिवासींवर गोळ्या चालल्या. ३० जानेवारी १९७२ ला शहाद्याला भूमुक्ती मेळावा भरला आणि त्याच वर्षी श्रमिक संघटना उभी राहिली. गहाण पडलेल्या, बळकावलेल्या जमिनी लोकांनी परत मिळवल्या. बायकांची शिबिरं झाली. तिथे एकीने तोंड उघडलं की नवरा पिऊन मारतो, मग दुसरीने, मग सगळ्यांनीच. आणि शिबिरातूनच बायका उठून भट्ट्या फोडायला गेल्या. बायकोला मारणाऱ्याला चारचौघांत माफी मागायला लावली.

हा इतिहास सांगणारे दोन गट पडतात. एक म्हणतो, खरं काम संघटनेने केलं, भजन-आरती ही त्याआधीची भाबडी अवस्था. दुसरा म्हणतो, महाराजांनी माणूस सुधारला, राजकारणवाल्यांनी त्याला भांडायला शिकवलं. मला दोन्ही मान्य नाहीत. रात्री पाड्यावर एकत्र बसायची सवय आधीच नसती तर बाहेरून आलेल्या शिकलेल्या कार्यकर्त्यांचं ऐकायला कोण बसलं असतं? आणि जमिनीचा प्रश्न हाती घेतला नसता, तर सालदारी करणाऱ्या माणसाची दारूमुक्ती किती दिवस टिकली असती? आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, साल ठरायचं, उचल म्हणजे आगाऊ रक्कम घ्यायची, ती पावसाळ्यात संपायची, पुन्हा मालकाच्या दारात उभं राहायचं. अशा माणसाला शपथ देणं सोपं असतं. ती पाळता येईल असं जगणं त्याला मिळवून देणं अवघड असतं, आणि ते काम एकट्या महाराजांचं नव्हतं.

आता आजच्या गावात येऊ. तळोद्याकडच्या एका पाड्यावर मी आरतीला बसलो आहे. रात्री जेवणं उरकल्यावर माणसं येतात. शेणाने सारवलेलं अंगण, पलीकडे बांधलेली बैलजोडी, एका खांबाला टांगलेला बल्ब. बायका पोरांना मांडीवर घेऊन बसतात. ढोलकी असते, झांजा असतात, दोन-तीन म्हाताऱ्यांना सगळी पदं पाठ असतात आणि बाकीचे मागून धरतात. आरती झाली की कोणी लगेच उठत नाही. वर्गणी किती जमली, नारळ-अगरबत्तीला किती गेले, हे एक जण उभा राहून सांगतो आणि एखादी बाई मागून विचारते, “मागच्या वेळचे वीस रुपये कुठे?” तो सांगतो. मग कोणाचं पोरगं आश्रमशाळेतून पळून आलं, कोणाच्या शेतात डुकरं शिरली, बोअरची मोटार पुन्हा जळली, सगळं निघतं. हे सगळं घरच्या बोलीत. मला सगळं समजत नव्हतं, पण तिथे कोणालाही बोलताना अडखळावं लागत नव्हतं एवढं नक्की समजत होतं.

याच गावाची ग्रामसभा कशी होते? ग्रामपंचायत तीन-चार पाड्यांची मिळून. कार्यालय सगळ्यात खालच्या, रस्त्याला लागून असलेल्या गावात. सभेची वेळ सकाळी अकराची, म्हणजे मजुरीला जाणाऱ्याने त्या दिवसाची रोजी सोडायची. कायद्याने गणपूर्तीला मतदारांची ठरावीक संख्या लागते. तेवढी माणसं येत नाहीत. सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही. मग शिपाई रजिस्टर घेऊन पाड्यांवर फिरतो. शाईचा पॅड पुढे करतो. ज्या बाईने आरतीत वीस रुपयांचा हिशेब मागितला तीच बाई इथे लाखो रुपयांच्या आराखड्याखाली अंगठा देते, कारण ‘सही कर, घरकुलाचं आहे’ एवढंच तिला सांगितलेलं असतं.

गाव अडाणी आहे, आदिवासींना आपल्या हक्कांची जाणीव नाही, जनजागृती हवी, असं सरकारी भाषणांत कायम ऐकू येतं. मी हे मानायला तयार नाही. त्या अंगणात जागृती भरपूर होती. अकरा वाजता, सात किलोमीटर खाली, शासन निर्णयाच्या मराठीत ती कशी टिकावी?

आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदा नंदुरबारच्या अक्राणी, अक्कलकुवा, तळोदा, नवापूर या तालुक्यांना आणि शहादा-नंदुरबारच्या काही गावांना लागू आहे. महाराष्ट्राने त्याचे नियम केले २०१४ मध्ये, म्हणजे अठरा वर्षांनी. त्या नियमांप्रमाणे पाड्याला स्वतःची वेगळी ग्रामसभा मागता येते. गौण वनोपज, पाणी, सावकारी, दारूची विक्री या सगळ्यांवर ग्रामसभेचा अधिकार आहे. २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के निधी थेट पेसातल्या ग्रामपंचायतींना मिळू लागला आणि त्याचा खर्च ग्रामसभेने ठरवायचा आहे. कागदावर पाहिलं तर १९३८ मध्ये आरतीला येणाऱ्या माणसाने स्वप्नातही पाहिला नसेल इतका अधिकार त्याच्या नातवंडांच्या हाती आहे.

आणि आपण काय करतो आहोत? जिथे आरतीची परंपरा आहे तिथे आमदार-खासदार निधीतून सभामंडप बांधून देतो. फरशी, पत्रे, कमान, कमानीवर देणाऱ्याचं नाव. पुण्यतिथीला गाड्यांचा ताफा येतो, व्यासपीठावरून ‘महाराजांचे विचार आचरणात आणा’ म्हणून सांगितलं जातं आणि ताफा निघून जातो. मला सभामंडपाचा राग नाही. पावसाळ्यात डोक्यावर छप्पर लागतंच. राग या गोष्टीचा आहे की पंथाचे लोक आपल्याकडे एकगठ्ठा मतं म्हणून मोजले जातात आणि त्यांची एकत्र बसायची ताकद गावाच्या कारभारात कुठेच धरली जात नाही. त्याच सभामंडपात रात्री आठ वाजता ग्रामसभा भरवायला कोणाची हरकत आहे? मला तरी कायद्यात ती सापडत नाही. अडचण आहे ती सोयीची, आणि ती सोय गावाची नाही.

इथे एक आक्षेप येतो आणि तो मी गंभीरपणे घेतो. आरतीला येणारे सगळे एका पंथाचे. माळ न घातलेला, अजून पिणारा, कोंबडं-बोकड खाणारा त्या अंगणात बसायला बिचकतो. नवापूरकडे ख्रिस्ती झालेली आदिवासी घरं मोठ्या संख्येने आहेत, ती आरतीला कशी येतील? शिवाय सुधारणेच्या नावाखाली आपल्याच चालीरीतींची लाज वाटायला लागते, हेही घडलं आहे. देवमोगरा मातेच्या यात्रेत मोहाची दारू देवीला चढते. होळीत, लग्नात, मयताच्या विधीत तिला जागा आहे. ती टाकणारा स्वतःला शुद्ध समजू लागला आणि न टाकणाऱ्या भावाच्या हातचं पाणी नाकारू लागला, तर ‘आप’ म्हणायला शिकवणाऱ्या माणसाचंच काम उलटं फिरलं. जे मांस आणि जो मोह शतकानुशतकं इथल्या माणसाचं पोषण करत आला, तो सोडल्याशिवाय मान मिळत नसेल, तर तो मान दुसऱ्याच्या मापाने मोजलेला आहे. या बाबतीत पंथातल्या जुन्या माणसांशी माझे मतभेद आहेत आणि ते मी त्यांच्या तोंडावर बोललो आहे. त्यांनी ऐकून घेतलं, पटलं नाही म्हणाले, आणि मला जेवायला बसवलं.

म्हणूनच ग्रामसभेची आरती करा असं मी म्हणत नाही. ग्रामसभेत देव्हारा नको, घोषणा नको, कोणाच्या गळ्यात काय आहे हे कोणी पाहायला नको. आरतीकडून घ्यायचं ते एवढंच: जागा पाड्यावरची, वेळ जेवणानंतरची, बोली घरची, आणि हिशेब तोंडी, सगळ्यांदेखत. यातल्या एकाही गोष्टीला धर्म लागत नाही.

दारूचंच उदाहरण घेऊ, कारण शेवटी सगळे तिथेच येतात. २००८ च्या आदेशाप्रमाणे गावातलं परवानाधारक दुकान बंद करायचं तर २५ टक्के महिला मतदारांनी सह्यांचा अर्ज द्यायचा. मग मतदान होतं, उभी बाटली (दुकान चालू) की आडवी बाटली (दुकान बंद). आडव्या बाटलीला गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं पडावी लागतात. मतदानाला आलेल्यांपैकी नव्हे, एकूण यादीपैकी. आता आमच्या जिल्ह्याकडे पाहा. दिवाळी झाली की बाया-माणसं पोरांसकट बारडोली, सुरतेकडे ऊसतोडीला जातात. होळीला घरी येतात, काही पुन्हा जातात. या चार-पाच महिन्यांत मतदान लावलं तर गैरहजर असलेली प्रत्येक बाई आपोआप उभ्या बाटलीच्या बाजूने मोजली जाते. दारूचा जिला सगळ्यात जास्त जाच होतो तिचंच मत दारूवाल्याला मिळतं. मतदानाची तारीख ठरवताना हंगामाचा विचार करणं एवढ्या साध्या गोष्टीवर कितीतरी गावांचा निकाल अवलंबून आहे. २६ जानेवारीच्या ग्रामसभेचंही तेच. राज्यभर ठरलेली तारीख म्हणून ती भरते, पण त्या दिवशी आमच्या पाड्यांवर म्हातारी माणसं आणि कुत्री सोडून कोणी नसतं.

शिवाय हा आदेश लागतो परवान्याच्या दुकानाला. पाड्याच्या टोकाला जी भट्टी चालते, किंवा हद्दीपलीकडून मोटारसायकलवर जे खोके येतात, ते बंद होतात फक्त एकाच गोष्टीने: गावाने ठरवलं आणि आठवड्याला आठवड्याला त्यावर लक्ष ठेवलं तर. चंद्रपूर जिल्ह्यात बायकांनी वर्षानुवर्षं लढून २०१५ मध्ये दारूबंदी मिळवली आणि २०२१ मध्ये सरकारने एका निर्णयाने ती उठवली. मुंबईतून आलेली बंदी मुंबईतूनच जाते. शहाद्याच्या बायकांनी १९७२-७३ मध्ये भट्ट्या फोडल्या त्या कोणत्याही आदेशाने नव्हे. त्यांच्यामागे रोज संध्याकाळी भेटणारी, एकमेकींची नावं आणि नवरे ठाऊक असणारी माणसं होती. तसं बसणं गावात असेल तर कायदा उपयोगी पडतो, नसेल तर तो फायलीत राहतो.

यावर ग्रामसेवक मंडळी म्हणतील, आणि त्यांचं म्हणणं खोटं नाही, की एकेकाकडे दोन-दोन ग्रामपंचायतींचा कार्यभार आहे, रात्री पाड्यापाड्यावर यायचं कसं? मग दर वेळी त्यांनी यायची गरज काय? आज प्रत्येक पाड्यावर बारावी, बी.ए. झालेल्या मुली आहेत, त्यातल्या कित्येक जणी घरी बसून आहेत. सभेची टिपणं त्या घेतील, आधी सगळ्यांना बोलीत वाचून दाखवतील, मग ग्रामसेवक दुसऱ्या दिवशी ती नोंदवहीत चढवेल. एखाद्या मुलीला या कामाचं मानधन दिलं तर ५ टक्क्यांच्या निधीतून जाईल, एखाद्या कमानीच्या रंगापेक्षा कमीच जाईल. शासनाने ग्रामसभेचं वेळापत्रक जिल्ह्याच्या हंगामाप्रमाणे लावायची मुभा दिली, एक सभा होळीनंतर आणि एक दिवाळीच्या आधी, तर त्याला विधिमंडळात नवं विधेयक आणावं लागणार नाही.

दिवाळीच्या आधीची ती सभा मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. त्याच सुमाराला ऊसतोडीच्या टोळ्या जमवणारा मुकादम पाड्यावर येतो आणि उचल वाटतो. कोयत्यामागे, म्हणजे ऊस तोडणाऱ्या जोडीमागे, हजारोंनी रक्कम देतो, त्या रात्री बाटल्याही उघडतात, आणि पुढच्या हंगामापर्यंत नवरा-बायको दोघंही त्याच्या वहीत बांधली जातात. ऊस तोडून परत आल्यावर हिशेबात उचल फिटलेली नसते आणि विचारायला कोणी नसतं, कारण व्यवहार अंधारात दोघांत झालेला असतो. सावकारीवर नियंत्रणाचा अधिकार पेसाने ग्रामसभेला दिलेला आहे. तेव्हा उचल सभेतच दिली जावी. कोणता मुकादम, कोणत्या कारखान्याचा, कोणत्या जोडीला किती रक्कम, टनामागे दर काय, पोरांची शाळा कोण बघणार, सगळं त्या मुलीने वहीत लिहावं, वाचून दाखवावं आणि मुकादमाने त्याखाली सही करावी. जो सही करायला तयार नाही त्याच्याबरोबर पाड्यातून कोणी जाऊ नये. एकट्यादुकट्या जोडीला हे म्हणणं परवडणार नाही. पण आरतीला बसणारी दोनशे माणसं आणि न बसणारी शंभर माणसं एकाच अंगणात येऊन हे म्हणाली, तर मुकादमाला वही पुढे ओढावीच लागेल, कारण त्याला कारखान्याला टोळी द्यायची असते आणि ती टोळी या पाड्यांवरूनच मिळते.